प्रसूती वॉर्डात बाळंतिणीजवळ एकाच व्यक्तीला प्रवेश असावा का?

गोदाकाठ:
मराठवाड्यातल्या कोणत्याही शासकीय रुग्णालयाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात दुपारी डोकावले, तर खाटेगणिक चार-पाच पाहुणे बसलेले दिसतात आणि त्यांपैकी कोण कोणाचे, हे सिस्टरलाही सांगता येत नाही. माझे मत असे आहे की, बाळंतिणीजवळ पास असलेल्या एका बाईखेरीज कोणालाही जाऊ देऊ नये. बाळाला आईपासून हलवावेच लागले, तर दोघांच्या मनगटांवरील पट्ट्यांचे क्रमांक जुळवून, वहीत सही घेऊन आणि त्या बाईला सोबत नेऊनच हलवावे. रुग्णालयातून नवजात बाळाची तस्करी झाल्यास सर्वप्रथम त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटले आहे. तरीही आपल्याकडे वॉर्डाचे दार सताड उघडेच असते.

बालाघाटी:
असहमत. सिझर झालेल्या बाईला कूस बदलायलाही आधार लागतो. सोबतची एकटी बाई औषध आणायला किंवा रक्ताचा रिपोर्ट घ्यायला गेली, की बाळावर नजर कोण ठेवणार? आपल्या नियमाने नेमकी तीच वेळ निराधार राहते. किमान दोन पास हवेत.

गोदाकाठ:
ती बाई बाहेर जातेच का, हा खरा प्रश्न आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात बाळंतिणीला औषधे, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत मिळायला हवे. जेवण साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस. चिठ्ठी हातात देऊन नातेवाइकांना बाहेरच्या मेडिकलवर पाठवणे ही रुग्णालयाची उणीव आहे, आणि ती भरून काढण्यासाठी वॉर्डात गर्दी वाढवावी, हे मला पटत नाही.

बालाघाटी:
कागदावर आपले म्हणणे बरोबर आहे. ते प्रत्यक्षात येईपर्यंत दुसरा पास द्यावा, एवढेच माझे म्हणणे.

निवृत्त सिस्टर:
या सेवेत माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. बाळ पळवणारी व्यक्ती बहुधा "वजन करायचे आहे, द्या इकडे" असे मायेने म्हणत हात पुढे करते, आणि थकलेली आई विश्वासाने बाळ देऊन टाकते. पांढरा कोट कोणालाही विकत मिळतो. म्हणून पासांच्या संख्येपेक्षा बाळ खाटेवरून उचलण्याची कारणेच कमी करावीत, असे मी सुचवीन. बीसीजी, पोलिओची शून्य मात्रा आणि जन्मापासून चोवीस तासांच्या आत द्यायची हेपॅटायटिस बी, या तिन्ही लसी आईच्या खाटेजवळ देता येतात. वजनकाटाही ढकलत तिथपर्यंत नेता येतो. तसे झाले, तर बाळ मागायला आलेल्या अनोळखी बाईकडे सांगायला कारणच उरत नाही.

बाळ जन्मताच आईला दाखवून मुलगा की मुलगी हे तिच्याच तोंडून वदवून घ्यावे आणि लेबर रूममधून बाहेर पडण्यापूर्वीच पट्टा बांधावा. जुळ्यांच्या बाबतीत तर यात क्षणाचाही उशीर नको. बदलाबदलीचे आरोप पुढे पोलीस ठाण्यापर्यंत जातात, तेव्हा ही दोन कामे झाली होती की नाही, हेच आधी विचारले जाते.

नांदेडकर:
येथे चोरीचीच चर्चा चालली आहे, म्हणून आठवण करून देतो. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याचे समोर आले आणि त्यांत १२ नवजात बाळे होती. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून १० बाळे गेली. आपण सगळे दार बंद करायला निघालो आहोत, पण धूर भरल्यावर त्या दाराची किल्ली कोणाच्या खिशात असेल? परवान्याचे म्हणाल, तर जिल्ह्याच्या एकमेव मोठ्या शासकीय रुग्णालयाचे कामकाज थांबवले, तर हिंगोली किंवा किनवटकडच्या गरीब बाईने जायचे कुठे? आधी परिचारिकांची रिक्त पदे भरा, विजेच्या वायरिंगची तपासणी करा. पासांचे नंतर पाहू.

निवृत्त सिस्टर:
नांदेडकर, रिक्त पदांबद्दल आपल्याशी वाद नाही. मात्र दाराला कुलूप लावा असे कोणीही म्हटलेले नाही. दारावर माणूस हवा, आणि तो रात्री दोन वाजताही हवा. शिवाय गर्दी कमी झाल्याने जंतुसंसर्गही कमी होतो. गावाकडून पाचवीच्या निमित्ताने आलेला सर्दी-खोकल्याचा पाहुणा कमी वजनाच्या बाळाचा मुका घेतो, तेव्हा त्याला अडवणारे कोणी नसते.

गोदाकाठ:
दिवसा एक पास आणि सिझरच्या बाईसाठी पहिले दोन दिवस दुसरा, एवढ्यापर्यंत मी येऊ शकते. मात्र पास कोणाच्या नावाने, हे ठरवताना आपल्याकडे माहेर आणि सासर यांच्यात ओढाताण होते. सोबतीण बाळंतिणीनेच निवडावी, असे माझे मत आहे.

निवृत्त सिस्टर:
मग तिला ते कळा सुरू झाल्यावर विचारू नये. नवव्या महिन्याच्या तपासणीला येते, तेव्हाच केस पेपरवर नाव लिहून घ्यावे. त्या वेळी सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसवणे तेवढे जमवावे लागेल.