इंग्लंडात राहून आर्सेनल बघायला नक्की काय काय घ्यावं लागतं?

पेठकर_रेडिंग
मंडळी, जरा सल्ला द्या. जुलैत कोल्हापूरहून रेडिंगला आलोय, कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलंय. मला वाटलं होतं, फुटबॉलच्या माहेरीच चाललोय, आता चंगळ. गेल्या शनिवारी दुपारी तीनला आर्सेनलची मॅच होती. मी सगळे चॅनेल पालथे घातले, कुठेच नाही. तिकडे मंगळवार पेठेत चुलतभाऊ संध्याकाळी साडेसातला टीव्ही लावून निवांत. गोल झाल्या झाल्या त्याचा व्हॉइस मेसेज, "बघितलास काय रं?" मी स्टेडियमपासून चाळीसेक मैलांवर, तो सातासमुद्रापार, आणि मॅच दिसते त्याला!

मला फक्त आर्सेनल बघायचंय. गोल्फ, डार्ट्स, मोटारींच्या शर्यती काही नको. एकच कायतरी घेऊन भागेल का?

स्लाऊची_सून
नाही भागणार. आमचे हे चेल्सीवाले, त्यामुळे हा विषय मला तोंडपाठ आहे. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, हंगामात ३८० मॅचेस. त्यातल्या किमान २१५ स्कायवर, ५२ टीएनटीवर, दोन्ही पैसे भरून घ्यायचे चॅनेल. शनिवारी दुपारी साडेबाराची असली की टीएनटी. शनिवारी संध्याकाळी साडेपाच, रविवार, सोमवार म्हणजे स्काय. शनिवारी तीनची मात्र इथे कुणीच लाइव्ह दाखवत नाही, कारण तशी बंदीच आहे. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपभरच्या क्लबांची स्पर्धा, तिचा संसार वेगळा. मंगळवारची एक निवडक मॅच ॲमेझॉन प्राइमवर, बाकी टीएनटीवर.

आणि टीव्ही लायसन्स काढलंत का? बीबीसी बघत नाही म्हणून सुटका नाही. कुठल्याही ॲपवर लाइव्ह प्रक्षेपण बघायचं तर ते लागतं, प्राइमवरची मॅचही त्यात आली.

पेठकर_रेडिंग
लायसन्स?! टीव्हीला?! बरं, काढतो. पण एक कळत नाही. एवढे चॅनेल एकमेकांच्या उरावर बसलेत, मग भाव उतरायला नकोत का?

हॅरोचे_काका
भाव उतरले असते, सगळे तोच माल विकत असते तर. मंडईत चार गाड्यांवर टोमॅटो असले की घासाघीस करता येते. इथे एका गाडीवर टोमॅटो, दुसऱ्या गाडीवर कांदा, आणि तुला करायची आहे कोशिंबीर. स्पर्धा असते ती मॅच दाखवायच्या हक्कांच्या लिलावात. लिलाव संपला की प्रत्येक मॅचचा मालक एकच.

मूळ बघ. १९९२ साली प्रीमियर लीग निघाली तेव्हा आयटीव्ही आणि स्काय आमनेसामने होते. आर्सेनल आयटीव्हीच्या बाजूने. आर्सेनलचं हाडवैर टॉटेनहॅमशी. त्यांचे तेव्हाचे चेअरमन ॲलन शुगर, त्यांची ॲमस्ट्रॅड कंपनी स्कायच्या डिश बनवायची. आयटीव्हीने बोली वाढवल्याचं कळताच त्यांनी स्कायला फोन करून अजून मोठा आकडा टाकायला सांगितलं, ही गोष्ट इथे जगजाहीर आहे. सौदा ठरला ५ वर्षांचा, ३०४ दशलक्ष पौंडांचा. म्हणजे बाबा, तुझ्या बिलाचं खापरही टॉटेनहॅमवर फोडता येतं. आर्सेनलवाल्याला आणखी काय हवं?

पुढे युरोपियन कमिशनने ठणकावलं की सगळ्या मॅचेस एकालाच विकायच्या नाहीत. २००७ पासून सेटांटा हे दुसरं चॅनेल आलं. हेतू ग्राहकाच्या भल्याचा, परिणाम काय? एका बिलाची दोन बिलं झाली. सेटांटा २००९ मध्ये बुडाली, ईएसपीएन आली, मग २०१३ पासून बीटी. तीच आजची टीएनटी.

टेंडर भरायचं बंद लिफाफ्यात. शेजाऱ्याने किती लिहिलंय कळत नाही, मग भीतीपोटी आकडा फुगतो. २०१५ च्या लिलावात स्कायने एकट्याने ४.१७६ अब्ज पौंड लिहिले, बीटीने ९६ कोटी. हंगामाला १६८ मॅचेस, तीन हंगाम. भागाकार कर, एका मॅचला सरासरी १ कोटी पौंडांच्या वर पडतात. मग डिसेंबर २०१७ मध्ये स्काय-बीटीने आपापले चॅनेल एकमेकांना द्यायचा करार केला, भांडण निवलं, आणि लगेच २०१८ च्या लिलावात मॅचमागचा भाव उतरला. पण उतरला तो त्यांच्यासाठी. माझं बिल त्या वर्षीही वाढलंच.

स्लाऊची_सून
काका, कोशिंबीर +१. माझ्या हिशेबाने आताचा करार २०२९ पर्यंत, ४ वर्षांचे ६.७ अब्ज पौंड. ते कुणाच्या खिशातून जाणार हे सांगायला नकोच.

नवा_गडी
एवढा कुटाणा कशाला? व्हीपीएन लावा, भारतातलं ॲप चालू करा, झालं काम.

हॅरोचे_काका
कंपनीच्या अटींत ते बसत नाही, आणि ऐन मॅचच्या वेळी बंद पडतं ते वेगळंच. पोर्ट्समथच्या कॅरेन मर्फी नावाच्या पबमालकिणीने मॅच दाखवायला स्वस्तातलं ग्रीक चॅनेलचं डिकोडर कार्ड लावलं होतं. खटला पार युरोपच्या कोर्टात गेला, २०११ मध्ये निकाल बराचसा तिच्या बाजूने लागला. पण आता ब्रिटन युरोपीय संघातच नाही. त्या वाटेने जाऊ नकोस.

रंकाळ्याचा_वारा
मीच तो चुलतभाऊ 😄 भावा, इथं बी सगळं एका ठिकाणी कुठं हाय? प्रीमियर लीग जिओहॉटस्टारवर, चॅम्पियन्स लीग सोनीवर. फकस्त शनवारची मॅच दिसत्या एवढंच सुख. थंडीत तुमची घड्याळं मागं गेली की साडेसातची मॅच साडेआठला, म्हंजे जेवणाच्या ताटावर. आई लई बोलत्या.

स्लाऊची_सून
आता पेठकरांसाठी कामाचं. दीड-दोन वर्षांच्या करारात अडकू नका. आम्ही एका कंपनीचा अठरा महिन्यांचा करार केला, मध्येच घर बदललं, नव्या इमारतीत डिश लावायला मालकाची परवानगी नाही. फोनवर तासभर गाणं ऐकवलं आणि शेवटी उरलेले पैसे भरायलाच लावले. त्यापेक्षा स्कायच्या मॅचेस नाऊ या त्यांच्याच ॲपवर घ्या, डिश लागत नाही. दिवसाचा पासही मिळतो, पण महिन्यात तीन मॅचेस बघणार असाल तर मासिक घ्या, एकेका दिवसाचे पास घेतलेले अंगावर येतात. टीएनटीही महिन्याच्या बोलीवर. मे महिन्यात दोन्ही बंद करायचे, विसरायचं नाही. कॅलेंडरवर लिहून ठेवा, मी फ्रिजवर चिकटवते.

दुसरं, २०२७ पासून चॅम्पियन्स लीगच्या बहुतेक मॅचेस पॅरामाउंटकडे जाणार आहेत, मंगळवारची ॲमेझॉनकडेच राहील. म्हणजे तेव्हा पुन्हा नवं दुकान.

आणि शनिवारी रात्री बीबीसीवर 'मॅच ऑफ द डे' बघत जा. तीनच्या मॅचेसचे हायलाइट्स त्यात येतात. भावाचे मेसेज तोवर उघडायचे नाहीत, एवढं पथ्य पाळा.

हॅरोचे_काका
त्या कार्यक्रमाचा पहिला भाग २२ ऑगस्ट १९६४ चा, लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल. आर्सेनल ३-२ ने हरलं होतं. राहवलं नाही म्हणून सांगितलं.

तीनच्या बंदीचं राहिलंच. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच लाइव्ह फुटबॉल दाखवायचं नाही, हा नियम १९६० च्या दशकातला, बर्नलीचे चेअरमन बॉब लॉर्ड यांच्या आग्रहातून आलेला. घरबसल्या मोठी मॅच दिसली तर खालच्या डिव्हिजनच्या मैदानावर कोण जाणार, ही धास्ती. रेडिंगला स्वतःचा क्लब आहे की. शाहू स्टेडियमवर वाढलेला माणूस तू, सोफ्यावर काय बसतोस?

पेठकर_रेडिंग
काका, ऐकलं तुमचं. काल जाऊन आलो. समोरच्या रांगेतले आजोबा थर्मासमधला चहा पीत रेफरीला जे बोलत होते, ते ऐकून थेट आपल्या कोल्हापुरातली पाटाकडील-खंडोबा मॅच आठवली. भाषा फक्त वेगळी. दोन तास आर्सेनलचा स्कोअरही बघितला नाही. भावाचे सात मेसेज पडले होते.

नाऊ घेतलंय महिन्याचं, लायसन्सही काढलं. पुढच्या शनिवारी आर्सेनल साडेबाराला आहे. म्हणजे टीएनटी ना?

स्लाऊची_सून
हो. महिन्याचंच घ्या.