ज्ञानरचनावाद म्हणजे शिक्षकाने काहीच सांगायचं नाही का?

निळीशाई:
सहावीला गणित शिकवते. प्रशिक्षणात ऐकलं की मुलं ज्ञान स्वतः रचतात, शिक्षक फक्त सुलभक, उत्तर सांगितलंत की संपलं सगळं. बरं. आता ०.३५ मोठं की ०.८ हे गटात चर्चेला दिलं तर बहुतेक गट बिनधास्त ०.३५ म्हणतात, कारण काय तर ३५ हे ८ पेक्षा मोठे, आणि एखाद्या पोरीचं बरोबर असलं तरी ती जोरात बोलणाऱ्यापुढे गप्प बसते न् चुकीचंच उत्तर फळ्यावर येतं. मग मी काय हसतमुखाने बघत राहायचं? पोर्शनचं काय?

खडूफळा:
ताई, ज्ञानरचनावाद ही शिकवण्याची पद्धत नाहीचे मुळात, माणूस शिकतो कसा याबद्दलचं म्हणणं आहे ते. मानसशास्त्रज्ञ पियाजेचं थोडक्यात असं की नवीन गोष्ट मूल आधीच्या समजुतीत बसवून बघतं आणि बसेना झाली की समजूत बदलतं. हे शिक्षकाचं बोलणं ऐकतानाही होऊ शकतं, गटात बसूनही होऊ शकतं, आणि दोन्हीकडे होत नाही असंही असतं. ०.३५ मोठं हे उत्तरसुद्धा मुलांनी रचलेलंच आहे की! पूर्ण संख्यांना इतकी वर्षं चाललेला नियम त्यांनी पुढे ओढला, बस.

आता खरी मेख. ज्या पोरीचं ०.८ बरोबर आलं तिला कळलंय असं लगेच धरू नका. काही मुलांचा नियम उलटा असतो, पॉइंटनंतर जास्त अंक म्हणजे तुकडे बारीक, म्हणून लांब दिसणारी संख्या लहान. त्यांचं ०.८ बरोबरच येणार! म्हणून जोडीला ०.४ आणि ०.७३ पण द्या. इथे "३५ मोठे" वाल्यांचं उत्तर बरोबर येईल आणि या मुलांचं चुकेल. दोन्ही प्रश्न बरोबर आले तरी कारण विचाराच.

आणि चर्चेआधी प्रत्येकाने उत्तर आणि कारण आपापल्या वहीत लिहायचं, तोंडातून शब्द न काढता. मग वेगवेगळी उत्तरं असलेल्यांना एका गटात बसवायचं म्हणजे जोरात बोलणाऱ्यालाही कुणीतरी अडवणारं असतं. मग १० बाय १० च्या चौकटीत ०.८ आणि ०.३५ रंगवायला द्या, ८० घरं आणि ३५ घरं समोर आली की वाद चांगला रंगतो आणि त्या वेळी ०.८ म्हणजेच ०.८० का, हे तुम्ही सरळ उभं राहून सांगा. कोणी अडवत नाहीये, तेव्हाच ऐकायला कान तयार असतात.

बाकावरचा:
ऐकायला छान आहे हो, पण किर्शनर, स्वेलर, क्लार्क यांचा २००६ चा लेख वाचा. नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय सोडलं तर त्याची कार्यकारी स्मृती (एका वेळी डोक्यात जेवढं धरता येतं ती जागा) शोधाशोधीतच भरून जाते आणि लक्षात राहण्यासारखं हाती काही लागत नाही. मेयरने तर २००४ मध्येच दाखवलं की साठच्या, सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतल्या संशोधनात मुलांना नुसतं "शोधा" म्हणून सोडणं दर वेळी मागे पडलं. तरी नवं नाव लावून तेच परत येतंय. आधी सोडवलेली उदाहरणं दाखवा, मग करू द्या. माझं मत बदलणार नाही.

तिसरी_घंटा:
@बाकावरचा मत नका बदलू, पण त्या लेखाला पुढच्याच वर्षी ह्मेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलंय तेही वाचा. त्यांचं म्हणणं, समस्येवरून शिकवण्यात मार्गदर्शन कमी नसतंच, उलट पावलोपावली आधार असतो, त्याला "शोधा तुमचं तुम्ही" बरोबर एकाच पोत्यात भरू नका. २०११ मध्ये अल्फिएरी वगैरेंनी १६४ अभ्यास एकत्र करून बघितलं तर विनामदतीचा शोध सरळ शिकवण्यापेक्षा कमी पडला, पण मदत देऊन करवलेला शोध इतर पद्धतींपेक्षा सरस ठरला. म्हणजे तुमचं अर्धं बरोबर आहे, ताईंच्या प्रशिक्षणवाल्यांचं मात्र अजिबात नाही.

आणि हे "स्कॅफोल्डिंग" (शिकणाऱ्याला गरजेपुरता आधार देणं) म्हणून जे मिरवतात ना, ते १९७६ च्या वुड, ब्रूनर, रॉस यांच्या लेखातलं. ३ ते ५ वर्षांची मुलं लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचत होती आणि शिकवणारी बाई गरज पडेल तसं बोलून सांगत होती, हाताने करून दाखवत होती. कसलं मौन आणि कसलं काय!

निळीशाई:
वहीत आधी लिहून घ्यायचं हे जमण्यासारखं आहे, आणि ०.४-०.७३ ची जोडी डोक्यातच आली नव्हती. चौकटीऐवजी मीटर-सेंटिमीटर चालेल का? मुलांना मोजायला आवडतं.

खडूफळा:
चालेल पण जपून. बरीच मुलं ३.५ मीटर म्हणजे ३ मीटर ५ सेंटिमीटर असं वाचतात, म्हणजे पॉइंटच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या पूर्ण संख्या, आणि मग जुनी समजूत आणखी पक्की. ३.५ आणि ३.०५ दोन्ही टेपवर मोजून जमिनीवर खुणा करायला लावा. खुणा एकाच जागी आल्या तर कळेल कोण कसं वाचतंय.