मदत हवी आहे: आहार पाळला तर स्तनाचा कर्करोग टळतो का?

गुहागरकरीण
लवकर सांगा प्लीज. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (एनआयएन) २०२४च्या आहारसूत्रांप्रमाणे चार महिने जेवतेय. अर्धं ताट भाजी-फळं, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, पापड-लोणचं बंद. आता धोका टळला ना? नवरा म्हणतो, उगाच जिवाला त्रास. हो की नाही, एवढंच हवंय.

बंदरावरचा
एवढ्यावर कसं सांगणार ताई? वय? पाळी चालू आहे की गेली? वजन? घरात कुणाला झालाय का?

माडाखाली
आधी ओलं खोबरं बंद करा. मी वर्षभर बंद केलंय, अंग हलकं झालं.

सोलकढी
खोबऱ्याला का दोष देता? माझी आजी रोज वाटप घालून जेवली, ८८ वर्षं जगली.

निवृत्त_सिस्टर
खोबऱ्यावर भांडून काही हाती लागायचं नाही. अमेरिकेत वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हने पाळी गेलेल्या जवळपास ४९ हजार बायकांवर सुमारे आठ वर्षं कमी चरबीचा आहार तपासला. २००६ साली निकाल आला: त्या गटात स्तनाचा कर्करोग ९ टक्के कमी, पण फरक इतका लहान की योगायोगही असू शकेल. त्यापेक्षा पक्कं काय, तर दारूने आणि पाळी गेल्यावर वाढलेल्या वजनाने धोका वाढतो. अंगमेहनतीने आणि बाळाला अंगावर पाजल्याने कमी होतो. कमी होतो, टळत नाही. बंदरावरच्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या बघू.

सोलकढी
सिस्टर, सुक्या मासळीचं काय? अंगणात सोडे वाळत घातलेत.

गुहागरकरीण
वय ३९, पाळी चालू, वजन ५२. आईला ४१व्या वर्षी झाला, मावशीला ३६व्या. आई गेली. मी आहाराचं विचारलं, म्हणून हे लिहिलं नाही. आई सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि चमचाभर मेतकूट घ्यायची, दुपारी कुळथाची पिठी. तिच्या खाण्यात काय चुकलं होतं?

निवृत्त_सिस्टर
काही चुकलं नव्हतं गो. आई आणि मावशी, दोघींना इतक्या लवकर, म्हणजे बीआरसीए जनुकात दोष असू शकतो. हा दोष घराण्यातून येतो आणि या कर्करोगाचा धोका खूप वाढवतो. तसं असेल तर ताटातल्या भाजीवर विसंबून चालणार नाही. जेवतेस तशीच जेव, पण परळला टाटा रुग्णालयात जनुकीय सल्ला मिळतो, तो घे. तपासणी शक्यतो आजार झालेल्या व्यक्तीची आधी करतात. मावशी आहे ना?

माडाखाली
साखर सोडली का पण? साखर मुख्य.

बंदरावरचा
अहो, तिने साखरेचं विचारलंय का?

गुहागरकरीण
मावशी आहे, चिपळूणला. पण २०२१च्या पुरात तिची फाईल गेली. कपाटातून काढली तेव्हा नुसता चिखलाचा गोळा होता.

निवृत्त_सिस्टर
ऑपरेशन झालं तिथे बायोप्सीच्या रिपोर्टची प्रत माग. साल आणि तिचं पूर्ण नाव सांग, म्हणजे शोधायला सोपं जाईल. तुझ्या हाताला गाठ वगैरे लागत नाही ना?

गुहागरकरीण
नाही. आज संध्याकाळीच तिला फोन करते. रक्त द्यायला उपाशी जावं लागतं का?

निवृत्त_सिस्टर
या तपासणीला नाही. पेज पिऊन जा.