ब्रॉयलरमधील कॉक्सी (कॉक्सिडिया परजीवीमुळे होणारा आतड्याचा रोग): आतड्यासाठी पूरक द्रव्ये दिल्याने कितपत फरक पडतो?

प्रश्न (सिन्नर तालुका, करार पद्धतीचे शेड)

नमस्कार मंडळी. आमची सध्याची बॅच 24 दिवसांची आहे. पावसाची झड लागल्यापासून भाताच्या तुसाचे लिटर (शेडमधील अंथरूण) ड्रिंकरखाली (पाण्याच्या भांड्यांखाली) ओलेच राहते, पक्षी खाद्य कमी उचलतात, पाय फिकट पडले आहेत आणि विष्ठेत नारिंगी, चिकट स्राव दिसतो. रक्त मात्र कुठेही नाही. मरतुक फारशी नसली तरी वजन मागे पडल्याने एफसीआर (किलोभर वजनवाढीसाठी लागणारे खाद्य) बिघडला आहे. सुपरवायझरने पाण्यातून ॲम्प्रोलियम हे कॉक्सीचे औषध आणि त्याच टाकीत बी-कॉम्प्लेक्स, लिव्हर टॉनिक व प्रोबायोटिक देण्यास सांगितले. शेजारी जंताचे औषध द्या म्हणतात. दुकानात ब्युटिरेट, बीटेन, यीस्ट, ओरेगॅनो तेल असे बरेच काही मिळते. यातील नेमक्या कशावर पैसे घालावेत?

उत्तर १ (पशुवैद्यक)

रक्त नाही म्हणून कॉक्सी नाही, असे समजू नये. रक्ती हगवण प्रामुख्याने कॉक्सिडियाची आयमेरिया टेनेला ही जात घडवते आणि तिचा मुक्काम सीकममध्ये, म्हणजे आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन बंद पिशव्यांत असतो. आपण वर्णन केलेला नारिंगी स्राव आणि फिकट पाय हे मधल्या आतड्यात वाढणाऱ्या आयमेरिया मॅक्सिमाकडे बोट दाखवतात. पायांचा पिवळेपणा मक्यातील रंगद्रव्यामुळे येतो आणि आतड्याचे अस्तर सोलले गेले की ते रंगद्रव्य शोषलेच जात नाही. मेलेला पक्षी तपासून फारसा उपयोग होत नाही, कारण आतडे लवकर कुजते. दोन-तीन आजारी पक्षी जिवंत नेऊन लगेच शवविच्छेदन करून घ्यावे आणि बलकाच्या देठाचा छोटा कोंब आतड्यावर जिथे दिसतो, त्याच्या आजूबाजूचे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास सांगावे. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात हे काम होते.

आता औषधाविषयी. ॲम्प्रोलियमची रचना बी-1 जीवनसत्त्वासारखी असते आणि परजीवीला ते जीवनसत्त्व मिळू न देणे हेच त्याचे काम आहे. त्यामुळे त्याच टाकीत बी-कॉम्प्लेक्स ओतणे म्हणजे एका हाताने दिलेले औषध दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. शिवाय हे औषध टेनेलावर जितके चालते तितके मॅक्सिमावर चालत नाही. निदान पक्के झाल्यावर टोल्ट्राझुरिल सलग दोन दिवस पाण्यातून देण्याचा पर्याय आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावा आणि पक्षी विकण्यापूर्वी लेबलवर दिलेला कालावधी पाळावा. जंताचे औषध येथे निरुपयोगी आहे, कारण कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवी आहे, जंत नव्हे. खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन ही कॉक्सीरोधक द्रव्ये असतील, तर श्वसनाच्या तक्रारीसाठी टायाम्युलिन हे प्रतिजैविक कोणी सुचवले तरी देऊ नये. ती जोडी पक्ष्यांना विषारी ठरते.

उत्तर २ (खाद्यनिर्मितीतील अनुभव)

पूरक द्रव्यांपैकी एकही आयमेरियाला औषधासारखे मारत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. त्यांचे काम सोललेले आतडे लवकर भरून यावे आणि त्या जखमेवर क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंनी डल्ला मारू नये, एवढेच आहे. मॅक्सिमानंतर येणारा नेक्रोटिक एन्टरायटिस (आतड्याचे अस्तर सडवणारा आजार) हा खरा खर्चिक पाहुणा असतो: खराब झालेल्या आतड्यात चिकट द्रव वाढतो, प्रथिने न पचता पुढे जातात आणि त्यावर हे जिवाणू पोसले जातात. म्हणून सोयापेंड नीट भाजलेली आहे की नाही, हा प्रश्न मी कोणत्याही पाकिटापेक्षा आधी विचारीन.

त्यातूनही निवडायचे झाल्यास बीटेनला मी पहिला क्रमांक देतो, कारण ते आतड्याच्या पेशींत पाणी धरून ठेवते आणि हगवणीत त्याचा उपयोग होतो. ब्युटिरेट (ब्युटिरिक आम्लाचे मीठ) आवरण चढवलेलेच घ्यावे. आवरण नसलेले ब्युटिरेट वरच्या भागातच शोषले जाते आणि मागच्या आतड्यापर्यंत पोहोचत नाही. यीस्टच्या पेशीभित्तिकेचा भर ई. कोलाय आणि साल्मोनेलाला चिकटू न देण्यावर असतो, कॉक्सिडियावर नव्हे. ओरेगॅनो व सॅपोनिन या वनस्पतिजन्य द्रव्यांच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे येत नाहीत, त्यामुळे चालू आजारात त्यांच्या भरवशावर राहणे मला पटत नाही. लिव्हर टॉनिकवरचा खर्च या प्रसंगी वाचवावा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. प्रोबायोटिक टाकीतून द्यायचे, पण आमच्या टाकीत रोज ब्लीचिंग पावडर पडते. चालेल का?

उत्तर ३ (शेडधारक, संगमनेर)

क्लोरीनमुळे त्यातील जिवंत जिवाणू मरतात, म्हणजे पैसे पाण्यातच जातात. वेगळ्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यातून थोड्या वेळात संपेल एवढेच द्यावे, किंवा खाद्यातून द्यावे. मात्र त्याआधी लिटर पाहावे. मूठभर तूस आवळून सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते फार ओले आहे. विष्ठेतून पडलेली कॉक्सिडियाची अंडुके ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. ड्रिंकर पक्ष्यांच्या पाठीच्या उंचीला आणावेत, त्यांखालचे ओले तूस उचलून बाहेर न्यावे, कोरडे टाकावे आणि झड असली तरी एका बाजूचे पडदे थोडे खाली ठेवावेत. वरून चुना भुरभुरून अंडुके मरत नाहीत, उलट ओल्या लिटरमधून अमोनिया उसळतो.