जुन्या थिंकपॅडवर भजनाचं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग: हलकं लिनक्स टाकलं तर जमेल का?

काळाचौकीचा_झिलकरी

मंडळी, नमस्कार. आमचं भजन मंडळ काळाचौकीचं, माणसं बहुतेक कणकवली-देवगडकडची. बुवांनी स्वतः बांधलेले काही गजर आहेत, ते गणपतीआधी नीट रेकॉर्ड करून ठेवायचेत. बुवांचं वय झालंय, आणि चाली कुणाकडेच लिहिलेल्या नाहीत. मोबाईलवर घेतलं की झांज तेवढी ऐकू येते, शब्द बुडतात.

माझ्याकडे थिंकपॅड एक्स २०० आहे. कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम. जोडीला दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी. पेटी, पखवाज, झांज, चकवा, बुवा आणि कोरस मिळून निदान सहा ट्रॅक होतील. सध्या तीन-चार ट्रॅक झाले की आवाज कडकडायला लागतो. लिनक्स टाकावं का? कुठलं? मंडळाची शिल्लक नवा लॅपटॉप घेण्याएवढी नाही.

भांडुपचा_पखवाजी

लॅपटॉपला काही धाड भरलेली नाही, बिनधास्त कर.

आधी हिशेब बघ. ४८ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकचे सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने. आर्डोर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ते ३२ बिट फ्लोटमध्ये लिहितं, म्हणजे सेकंदाला १९२ केबी. सहा ट्रॅक एकदम धरले तरी सव्वा एमबीच्या आत. एवढं जुनी फिरती हार्ड डिस्कही पेलते. तुझी कडकड येते ती वेळ चुकल्यामुळे: ठरलेल्या क्षणी प्रोसेसरने बफर, म्हणजे आवाजाचा छोटा साठा, भरून द्यायचा असतो, आणि तो दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो. लिनक्सवाले याला एक्सरन म्हणतात.

म्हणून मशीनवर बाकीचा पसारा नको. एमएक्स लिनक्सची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती टाक. डेबियन या जुन्या लिनक्सवर उभी आहे, आर्डोर तिच्या भांडारातून फुकट मिळतो. आर्डोर जड वाटला तर क्यूट्रॅक्टर बघ, हलका आहे. जॅक, म्हणजे इंटरफेस आणि आर्डोर यांच्यात आवाज पोचवणारा प्रोग्राम, बसवताना ‘रिअलटाइम प्रायोरिटी द्यायची का’ असं विचारेल, तिथे हो म्हण आणि आपला युजर ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये घाल. हे राहिलं तर बाकी सगळं करून उपयोग नाही. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेव, वायफाय बंद, ब्राउझर बंद.

आता माझा खरा मुद्दा. सगळे लेटन्सी, म्हणजे आवाज फिरून यायला लागणारा उशीर, कमी करायच्या मागे लागतात, बफरचे ६४ आणि १२८ फ्रेम्सचे आकडे सांगतात. तुला त्याची गरजच नाही. तुझ्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे. ते दाबलं की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये मिळतो. आर्डोरमध्ये मॉनिटरिंग ‘ऑडिओ हार्डवेअर’कडे दे आणि बफर खुशाल १०२४ ठेव. असे दोन बफर (पिरियड) मिळून ४३ मिलिसेकंद होतात, पण ते कुणाच्या कानावर येत नाहीत. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल लावून आर्डोरकडून लेटन्सी एकदा मोजून घे, म्हणजे नवा ट्रॅक जुन्याबरोबर जागेवर बसतो. रिव्हर्ब (घुमारा) वगैरे सगळं रेकॉर्डिंग संपल्यावर.

आणि क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, लावू नकोस. गजराची लय चढत जाते, तीच त्याची जान आहे. मेट्रोनोम लावलास तर गजर मरतो. आधी पखवाज आणि बुवा एकत्र घे, बुवांना आतल्या खोलीत बसवून. हेडफोनला दोन तोंडांचा जोड लाव, दोघांनाही दोन्ही ऐकू आलं पाहिजे. यातला पखवाज ठेवायचा, बुवांचा आवाज फक्त वाट दाखवायला. मग त्याच पखवाजावर बुवा पुन्हा, निवांत. नंतर पेटी, कोरस, चकवा. झांज सगळ्यात शेवटी.

दादरची_पेटीवाली

लिनक्सचं सगळं पटलं, तुकड्यातुकड्याने घ्यायचं मात्र पटत नाही. माझे वडील भजनात पेटी वाजवायचे, मीही वाजवते. झिलकरी, म्हणजे मागे गाणारे, ओळ उचलतात ती बुवांच्या चेहऱ्याकडे बघून. बुवा एखादी ओळ मध्येच तीनदा घेतात, तेव्हा पेटी मागे जाते, पखवाज थांबतो. हेडफोन लावून एकेकटं बसवलंत तर सूर-ताल बरोबर येईल, पण भजन येणार नाही. यूएमसी १८२० सारखा आठ माइक जोडता येणारा इंटरफेस एका रात्रीपुरता भाड्याने बघा. सगळे एकत्र बसवा, झांजवाल्याला दाराजवळ.

काळाचौकीचा_झिलकरी

ताई, बुवाही हेच म्हणाले! एकट्याने गायला बसवलं तर गाणार नाही म्हणतात. काका, आठ ट्रॅक एकदम घेतले तर एक्स २०० दम तोडेल का?

भांडुपचा_पखवाजी

नाही तोडणार. आठ ट्रॅक म्हणजे सेकंदाला दीड एमबी. घेताना एकही प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड) लावू नकोस. त्या इंटरफेसलाही लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मात्र तुझा दोन इनपुटवाला त्याच्या जोडीला लावून दहा करू नकोस. दोन इंटरफेसची आतली घड्याळं वेगळी, लांबलचक गजरात ती सरकतात.

बुवा एकटे गात नसतील तर ताईंचंच ऐक. गाणारा मनापासून गाणं हे पहिलं. माझी रीत एका गोष्टीसाठी ठेव: झांज त्या बैठकीत कमी जोराने वाजवायला सांग आणि नंतर वरून तेवढीच पुन्हा घे.

बाकी दोन गोष्टी. जुन्या चाळीत अर्थिंगचा भरवसा नसतो. हेडफोनमध्ये घरघर आली तर टेकपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालव. बॅटरी गेली असेल तर लॅमिंग्टन रोडला विचार. आणि पावसाळी हवेत पखवाजाची पुडी उतरते, पेटीचा सूर जागचा हलत नाही. दर टेकआधी पखवाज पेटीशी मिळवून घे, पंखा बंद केल्यावर पुन्हा एकदा.

काळाचौकीचा_झिलकरी

एमएक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं, इंटरफेस लगेच दिसला. शनिवारी रात्री मंडळाच्या खोलीत बसतोय. ताई, पेटीचा माइक भात्याकडे ठेवू की सुरांच्या बाजूला?

दादरची_पेटीवाली

सुरांच्या बाजूला, वरून हातभर अंतरावर. भात्याकडे ठेवलात तर धापच जास्त येईल.