टाकीतले मासे आणि घरचे फोटो: परवडणारा कॅमेरा सुचवा

गप्पीवाला
नमस्कार मंडळी. घरी तीन फुटी प्लांटेड (जिवंत झाडं लावलेली) टँक आहे. निऑन टेट्रा, गप्पी, थोडे चेरी श्रिंप (इवल्या लाल कोळंब्या). मोबाइलवर फोटो काढला की टेट्राच्या जागी नुसती निळी रेघ येते. शिवाय लेक आत्ताच चालायला लागली आहे, ती टेट्राहून चपळ. बजेट ३५ हजार, ताणून ४०. कॅनन १५००डी घ्यावा म्हणतोय. दुकानदार दोन लेन्सचं किट गळ्यात मारायला बघतोय. जाणकारांनी सल्ला द्यावा.

आडवाटेचा
दोन लेन्सचं किट नको. त्यातल्या दुसऱ्या, ५५-२५० एमएमच्या लेन्सला फोकस करायला जवळपास मीटरभर अंतर लागतं. लांबचे पक्षी टिपायला ठीक, श्रिंपसाठी नाही.

१५००डी वाईट नाही, पण तुमच्या कामाला दोन ठिकाणी अडतो. त्याची स्क्रीन वळत नाही आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर बघून फोटो काढताना) फोकस रेंगाळतो. टाकीसमोर उकिडवं बसून व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा म्हणजे कंबरेचं काम तमाम. त्याऐवजी वापरलेला २००डी शोधा. सेन्सर २४ मेगापिक्सेलचाच, पण स्क्रीन वळते, टच आहे आणि ड्युअल पिक्सेल फोकस आहे, म्हणजे स्क्रीनवर बघतानाही फोकस झटपट होतो. जमिनीवर रांगणाऱ्या, पळणाऱ्या पोरांसाठीही तोच बरा.

वाचलेले पैसे लेन्स आणि फ्लॅशमध्ये घाला.

हिरवं शेवाळं
+१. आणि २००डी म्हणजे पहिला, मार्क टू नव्हे. मार्क टूच्या हॉट शूमध्ये (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) मधली पिनच नाही. १५००डी घेणार असाल तर त्याचाही शू आधी बघा. पिन नसेल तर बाजारातले साधे फ्लॅश आणि ट्रिगर (दुरून फ्लॅश उडवणारी डबी) चालत नाहीत, आणि माशांच्या फोटोत सगळी मजा फ्लॅशचीच आहे.

फ्लॅश कॅमेऱ्यावर लावायचा नाही, तो काचेत उजेडाचा गोळा होऊन दिसतो. टाकीच्या काचेच्या झाकणावर, तोंड खाली करून ठेवायचा, मध्ये बटर पेपर. ट्रिगरने उडवायचा. आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) ४००, शटर १/२०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/८, इथपासून सुरुवात करा. टेट्राच्या खवल्यांची कड न कड दिसते आणि मागचा पसारा काळोखात जातो.

खिडकीतली मांजर
अहो, पहिला कॅमेरा घेणाऱ्याला एवढं सगळं कशाला? माझ्याकडे सोनी ए६००० आहे, छोटा, पर्समध्ये मावतो. मोठा कॅमेरा कपाटातच राहतो. लेकीचे फोटो रोज काढायचेत ना?

आडवाटेचा
मांजरताई, मुद्दा बरोबर. ए६००० चांगलाच आहे. पण त्याच्या मॅक्रो (अगदी जवळून मोठं टिपणाऱ्या) लेन्सची किंमत बघितलीत का? कॅननच्या जुन्या लेन्स गल्लोगल्ली मिळतात. ५० एमएम एफ/१.८ एसटीएम लेन्स लेकीसाठी उत्तम. तिच्यात चित्र जवळचं येतं, खोली लहान असेल तर भिंतीला पाठ टेकवावी लागेल, तेवढं चालवून घ्या. ती ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, म्हणून श्रिंपसाठी एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावायची. ट्यूब ऑटो फोकसचे कॉन्टॅक्ट असलेलीच घ्या. वापरलेली ६० एमएम मॅक्रो परवडली तर ट्यूबची भानगडच नको.

जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, कोळिष्टकासारखी दिसते. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारला गेलात तर टॉर्च न विचारता काढा, दुकानदारांना सवय आहे.

गप्पीवाला
फ्लॅश लगेच जमणार नाही, पुढच्या पगाराला. तोवर टँकच्या एलईडीवर भागेल? मोबाइलमध्ये तर आडवे काळे पट्टे येतात.

हिरवं शेवाळं
पट्टे एलईडीच्या लुकलुकण्याचे. डिमर असेल तर तो पूर्ण वर ठेवा आणि शटर १/१०० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून बहुतेक वेळा पट्टे जातात. १/१०० ला पळणारा टेट्रा हलेलच, तेव्हा तो वळायला थांबतो तो क्षण धरा. आयएसओ १६०० ला घाबरू नका.

बाकी: खोलीतले दिवे बंद, काच आतून-बाहेरून स्वच्छ, कॅमेरा काचेला अगदी काटकोनात. तिरका धरलात की मासा पुसट, कडा रंगीत, मग लेन्स कितीही भारी असो. फोटोआधी खाणं घालू नका, पाणी गढूळ दिसतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, झाडांचा हिरवा रंग नंतर सुधारता येतो.

गप्पीवाला
दुकानात शू बघून आलो. त्यांच्या १५००डीला पिन खरंच नाही! जुना २००डी शोधतो, सोबत ५० एमएम आणि ट्यूब. एकच शंका, फ्लॅशने मासे बिथरत नाहीत ना?

हिरवं शेवाळं
टेट्रा पहिल्यांदा दचकतात, मग ढुंकून बघत नाहीत. फक्त टँकचा दिवा चालू ठेवा, मिट्ट काळोखात एकदम फ्लॅश नको. आणि झाकण ओलं असेल तर आधी पुसा, फ्लॅश पाण्यात पडला तर मासे नाही, तुम्हीच बिथराल.