शब्दचर्चा : धातूचं ‘थ्रीडी प्रिंटेड इम्प्लांट’ रुग्णाला मराठीत कसं सांगावं?

प्रश्न

हाडांच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णांना द्यायची माहितीपत्रिका मराठीत लिहिते आहे. त्यात ‘थ्रीडी प्रिंटेड टायटॅनियम इम्प्लांट’ वारंवार येतं. सध्याच्या मसुद्यात ‘त्रिमितीय मुद्रित टायटॅनियम प्रत्यारोपण’ असं आहे. तो वाचून एका नातेवाइकांनी विचारलं, “दाता कोण आहे?” दुसऱ्यांना ही वस्तू प्लास्टिकची असेल असं वाटलं. माणूस या कागदावर सही करून शस्त्रक्रियेला जातो, म्हणून शब्द नेमके हवेत. ‘इम्प्लांट’, ‘प्रिंटेड’, ‘पेशंट-स्पेसिफिक’ आणि ‘पोरस’ या चारही शब्दांवर मदत हवी आहे.

प्रतिसाद १

‘प्रत्यारोपण’ आधी काढा. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांच्यासाठी तो शब्द पक्का बसला आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानंतर तर दाता, संमती, शरीरानं अवयव नाकारणं हे सगळं त्याच्यासोबत आपोआप मनात येतं. वर्तमानपत्रं ‘गुडघा प्रत्यारोपण’ छापतात, पण ‘सांधेरोपण’, ‘दंतरोपण’ हे सुटसुटीत शब्द चांगले रुळलेले आहेत.

अडचण एवढीच की ‘रोपण’ हे क्रियेचं नाव आहे, वस्तूचं नाही. ‘माझ्या पायात रोपण आहे’ असं कोणी म्हणत नाही. लोक म्हणतात, रॉड टाकलाय, प्लेट बसवलीय, वाटी बदललीय. तेव्हा सर्वसाधारण उल्लेखाला ‘इम्प्लांट’ राहू द्या, तो आता परका वाटत नाही. आणि जिथे शक्य तिथे त्या भागाचंच नाव घ्या. फक्त ‘वाटी’ एकटी सोडू नका. आपल्याकडे वाटी म्हटलं की गुडघाच डोळ्यांपुढे येतो. खुब्याचा सांधा उखळीचा. त्या उखळीत जी बसवतात ती ‘खुब्याची धातूची वाटी’ असं पूर्ण लिहा.

प्रतिसाद २

मी धातूच्या प्रिंटिंगच्या कामात आहे, म्हणून ‘मुद्रित’बद्दल लिहितो.

मुद्रण म्हणजे मुद्रा उमटवणं, ठसा घेणं. इथे ठसाही नाही आणि शाईही नाही. ‘थ्रीडी प्रिंटिंग’ हे नाव अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये इमॅन्युएल सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून रूढ झालं. त्याचं पेटंट १९९३ चं. त्यांच्या यंत्रात इंकजेट प्रिंटरसारखं डोकं भुकटीच्या थरावर चिकटद्रव्य सोडत असे, त्यामुळे त्यांच्यापुरतं ‘प्रिंटिंग’ बरोबर होतं. पुढे तेच नाव इतर सगळ्या पद्धतींना लागलं.

टायटॅनियमच्या इम्प्लांटमध्ये बहुतेकदा वेगळंच घडतं. मिश्रधातू असतो टायटॅनियमचा, त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. त्याची बारीक भुकटी मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या थरात पसरतात आणि आराखड्यात जिथे धातू हवा तेवढ्याच जागी लेझरनं वितळवतात. मग पुढचा थर. हवेचा संपर्क नको म्हणून हे काम आर्गॉन वायूत चालतं. दुसऱ्या पद्धतीत लेझरऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत असतो, तो निर्वातात. तुकडा यंत्रातून निघाला की काम संपत नाही. अंतर्गत ताण घालवायला तापवणं, घडताना तुकड्याला दिलेले तात्पुरते आधार कापणं, गरजेप्रमाणे उष्णता आणि मोठ्या दाबाखाली आतल्या पोकळ्या मिटवणं, तुकड्याला जाळीदार भाग असेल तर त्यात अडकलेली भुकटी काढणं, तपासणी, निर्जंतुकीकरण. रुग्णाला ‘मुद्रित’ वाचून यातलं काही कळणार नाही. ‘धातूची भुकटी थरावर थर वितळवून घडवलेला’ असं लिहा. ‘थ्रीडी प्रिंटिंग’ एकदा नक्की येऊ द्या, कारण डॉक्टरांच्या तोंडून तोच शब्द ऐकू येणार आहे.

‘लेझर सिंटरिंग’चं (सिंटरिंग म्हणजे भुकटी पूर्ण न वितळवता तापवून जोडणं) भाषांतर कुठे ‘भाजणे’ असं केलं असेल तर तेही बदला. कारखान्यात आम्ही सवयीनं ‘डीएमएलएस’ (डायरेक्ट मेटल लेझर सिंटरिंग) म्हणतो, पण धातू पूर्ण वितळतो. आणि एक सावधगिरी: आमच्याकडे ‘प्लेट’ म्हणजे ज्यावर तुकडा उभा राहतो तो पत्रा, शस्त्रक्रियेत ‘प्लेट’ म्हणजे हाडावर स्क्रूनं बसवतात ती. तांत्रिक मजकूर आणि वैद्यकीय मजकूर एकत्र करताना हा घोटाळा होतो.

प्रतिसाद ३

अस्थिशल्यचिकित्सक म्हणून मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ‘पेशंट-स्पेसिफिक’. प्रिंट केलेलं म्हणजे आपल्याच मापाचं, अशी समजूत फार पसरली आहे आणि ती खरी नाही.

इटलीत २००७ मध्ये खुब्याच्या थ्रीडी प्रिंटेड वाट्या बसवायला सुरुवात झाली. त्या ठरावीक मापांच्या मालिकेतल्या होत्या. प्रिंटिंग केलं ते बाहेरची बाजू जाळीदार करण्यासाठी. याउलट २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ८३ वर्षांच्या एका बाईंना टायटॅनियमचा पूर्ण खालचा जबडा बसवला. १०७ ग्रॅम वजनाचा तो जबडा बेल्जियममध्ये फक्त त्यांच्यासाठी बनला होता. २०१५ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथल्या रुग्णाचं उरोस्थी (छातीच्या मधलं हाड) आणि बरगड्यांचं इम्प्लांट असंच, सीटी स्कॅनवरून आखून मेलबर्नला प्रिंट केलेलं. दोन्ही प्रकार ‘थ्रीडी प्रिंटेड’च. उलट एखाद्याच्या मापाची प्लेट मशीनवर कोरूनही करता येते, तिला प्रिंटिंग लागत नाही.

म्हणून घडवण्याची रीत आणि माप या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत सांगा. मापासाठी ‘बेतणे’ हे शिंप्याचं क्रियापद मला फार योग्य वाटतं: ‘तुमच्या सीटी स्कॅनवरून, फक्त तुमच्यासाठी बेतलेले’. आपल्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांतही डॉक्टरांच्या लेखी मागणीवरून एकाच रुग्णासाठी केलेल्या उपकरणाची वेगळी व्याख्या आहे, तेव्हा हा फरक केवळ भाषेचा नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या म्युकरमायकोसिसनंतर ज्यांचा वरचा जबडा काढावा लागला, त्यांच्यातल्या काहींना अशी बेतलेली इम्प्लांट बसवली गेली. त्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो.

आणखी एक. शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी हाडाची प्लास्टिकची प्रतिकृती प्रिंट करतात, कापण्याची दिशा दाखवणारा गाइडही करतात. ‘तुमच्यासाठी थ्रीडी प्रिंटिंग वापरले जाईल’ एवढंच वाक्य असेल तर यातलं नक्की काय, आणि शरीरात काय राहणार, हे कळत नाही. प्लास्टिकबद्दलची शंका तिथूनच आली असावी.

‘पोरस’ला ‘सच्छिद्र’ चालेल, पण वाचणाऱ्याला वाटेल की माल पोकळ, कमजोर आहे. ‘हाड आत वाढावे म्हणून मुद्दाम ठेवलेली बारीक जाळी’ असं कारणासकट लिहा. भरीव टायटॅनियम मिश्रधातूचा ताठपणा सुमारे ११० गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक), हाडाच्या घट्ट भागाचा साधारण १५ ते २०. फार ताठ धातू भार स्वतःकडे घेतो आणि बाजूचं हाड विरळ होत जातं. जाळीमुळे ताठपणा उतरतो. हाड त्या जाळीत शिरून पकड घेतं, त्याला ‘अस्थिएकीकरण’ असा भारी शब्द नको. ‘इम्प्लांटला हाड धरतं’ म्हटलं की रुग्णाला कळतं.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. खुब्याच्या पानासाठी असं केलं आहे, तपासून सांगाल का?

‘तुमच्या खुब्यात टायटॅनियमची वाटी कायमची बसवली जाईल. ती धातूची भुकटी थरावर थर वितळवून घडवलेली आहे (थ्रीडी प्रिंटिंग). ती ठरावीक मापांपैकी तुम्हाला बसणारी आहे / फक्त तुमच्यासाठी बेतलेली आहे. तिच्या बाहेरच्या बाजूला बारीक जाळी आहे. तीत हाड वाढून वाटी घट्ट धरली जाते.’

मापाच्या दोन पर्यायांपैकी लागू नसलेला डॉक्टर खोडतील.

प्रतिसाद ४

खोडण्याची सोय छान आहे, ती ठेवाच. मी फिजिओथेरपीत आहे, माझी सूचना ‘कायमची’ या शब्दापुरती. वाटीच्या आतलं अस्तर बहुतेकदा पॉलिएथिलीनचं असतं, ते वर्षानुवर्षांच्या वापरानं झिजतं. कधी वाटीही सैल होते, कधी जंतुसंसर्ग होतो. ‘कायमची’ वाचून सही केलेल्या माणसाला पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं की आपली फसवणूक झाली असं वाटतं. त्याऐवजी ‘दीर्घकाळ टिकावी अशी बनवलेली आहे, तरी पुढे कधी ती किंवा तिचं अस्तर बदलावं लागू शकतं’ असं लिहा. ‘घट्ट धरली जाते’च्या पुढेही ‘याला काही आठवडे ते महिने लागतात, तोवर किती भार द्यायचा ते डॉक्टर सांगतील’ हे जोडा. नाहीतर लोक घरी गेल्या गेल्या पूर्ण वजन टाकून चालायला बघतात.